यंदा पेटी येणार

मु. जांभूळओढा, ता. पाटण
१९ नोव्हेंबर २०२२

चि. नागसेन यास,
आक्काचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र काल मोबाईलवर उघडलं. हातानं लिहायचं आणि फोटो काढून पाठवायचा ही तुझी युक्ती मला मानवली. फोनवर मला एक अक्षर ऐकू येत नाही आणि कानातलं ते यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून त्याला डबीत ठेवून दिलंय. शिवाय फोटो बोटांनी मोठा करता येतो. तुझं अक्षर शाळेपासून मुंग्यांच्या रांगेसारखं आहे, त्याला हाच इलाज.

सोबत पाठवलेला फोटो पुन्हा पुन्हा बघते आहे. निळी टोपी घातलेला तो उंच शिपाई विहिरीपाशी उभा आहे आणि बायका त्याच्याकडे न बघता पाणी भरताहेत. मला बऱ्याच शंका आल्यात. त्याच्याकडे बंदूक आहे, मग तो ती झाडत का नाही? झाडायचीच नाही तर एवढ्या लांब नेली कशाला? आणि दोन्हीकडची माणसं त्याचं ऐकतात ती कशापायी? मिरजेला इस्पितळात नोकरी करत होते तेव्हा वॉर्डात नातेवाईकांची भांडणं जुंपली की मी मध्ये जाऊन उभी राहायचे. हातात थर्मामीटर, दुसरं काही नाही. तरी ऐकायचे. पण मी त्यांची रोजची सिस्टर होते. तुमचा शिपाई तर परमुलखातला. नीट समजावून लिही, उगाच साहेबी उत्तर नको.

गावाची बातमी अशी की यंदा सरपंचपद आपल्या समाजाच्या बाईसाठी राखीव निघालं. निघाल्याबरोबर देवळात बैठक बसली. नेहमीप्रमाणे आपल्या वाड्यातली माणसं पायरीवर बसली. आत या असं म्हणतात सगळे, कुणी अडवत नाही, पण पाय काही उचलत नाही. घटकाभरानं आतून निरोप आला की ठरलं. बनुबाईला करायची, बिनविरोध. बनुबाई म्हणजे आपल्या खालच्या घरची, तुझ्या त्या दोस्ताच्या, जयराजच्या शेतावर कामाला जाते ती. गरीब गाय आहे बिचारी. तिला कुणी विचारलं का, असं मी पायरीवरूनच मोठ्यांदा विचारलं, तर सगळे हसले. काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही.

वीस वर्षं झाली, गावात ग्रामपंचायतीची पेटी आली नाही. आता मशीन असतं म्हणतात, पण आम्ही पेटीच म्हणतो. वेशीवर बिनविरोध गाव म्हणून पाटी आहे आणि पंचायतीत त्याच्या बक्षिसाची मोठी फ्रेम. मला आपली उत्सुकता लागून राहिलीय की या गावाच्या मनात खरंच काय आहे. तेव्हा मी फॉर्म भरावा म्हणते. हसू नकोस.

जेवण वेळेवर करत जा. तुझी माया अशीच राहू दे.
तुझी,
बाळाबाई आक्का


शांतिसेनेची छावणी
२३ नोव्हेंबर २०२२

ती. आक्कास,
नागसेनचा सविनय जयभीम.

हसू नकोस म्हणालीस, पण उशीर झाला होता. सहासष्टाव्या वर्षी लोक तीर्थाला जातात, गुडघ्याला तेल लावतात. माझी बहीण फॉर्म भरते!

आधी तुझ्या शंका. तो शिपाई बांगलादेशचा आहे, खुलन्याजवळच्या गावाचा. बंदूक स्वतःच्या आणि त्या बायकांच्या रक्षणासाठी झाडायची परवानगी त्याला आहे, भांडणात बाजू घेण्यासाठी नाही. आणि ऐकतात म्हणशील तर त्याचं कारण एकच, दोन्ही बाजूंनी आम्हाला या म्हटलंय. उद्या एकानं जा म्हटलं की आमची टोपी निळी असो की पिवळी, काडीचा उपयोग नाही. आमच्या धंद्यात याला संमती म्हणतात. परराष्ट्र खात्यात पस्तीस वर्षं काढली, पण संमती म्हणजे काय हे इथे तांबड्या धुळीत बसून कळलं.

माझं काम बोलण्याचं. नदीच्या वरच्या अंगाला एक सरदार आहे, खालच्या अंगाला दुसरा. नावं तुला उच्चारता येणार नाहीत, आपण त्यांना वरचा आणि खालचा म्हणू. दोघांची पोरं मारामारीत गेलीत. तीन महिने मी एकाच्या तंबूतून दुसऱ्याच्या तंबूत चहा पीत फिरलो. शेवटी जमलं. जिल्ह्यांची प्रमुखपदं दोघांनी वाटून घ्यायची, एवढ्यात मतदान नको. त्या दिवसापासून गोळी वाजलेली नाही. आता यावर माझी शिफारस मिशनच्या प्रमुख बाईंकडे जायची आहे. खोटं कशाला बोलू, मला माझाच अभिमान वाटतो आहे. छावणीत त्या रात्री सगळ्यांनी मिळून खीर केली, दूध पावडरची.

तू मात्र फॉर्मचं नीट विचार करून ठरव. वीस वर्षं गावात वाद नाही ही काही लहान गोष्ट नव्हे. ती किती महाग पडते ते मी इथे रोज बघतो. मन दुखावलं असेल तर रागाव, पण कळव. आणि बी.पी.ची गोळी चुकवू नकोस.

तुझा आशीर्वाद पाठीशी असावा.
तुझा,
नागसेन


मु. जांभूळओढा
३ डिसेंबर २०२२

प्रिय मित्र नागसेन यास,
जयराजचा नमस्कार, विनंती विशेष.

बऱ्याच दिवसांनी लिहितोय गड्या. तुझा पत्ता आक्कांकडूनच घेतला, कशाला पाहिजे ते मात्र त्यांना सांगितलं नाही. काल आक्कांनी पाटणला जाऊन सरपंचपदाचा फॉर्म भरला. सोबत कोण नाही, काय नाही. एस.टी.नं गेल्या नि आल्या.

तुला दोन हजार दोनची निवडणूक आठवते का? तू तेव्हा परदेशात होतास. तुझ्या चुलत्याचं डोकं फुटलं, माझ्या थोरल्या पोराचा हात मोडला तो अजून वाकडा आहे. दोन वर्षं यात्रा भरली नाही, एकमेकांच्या लग्नाला गेलो नाही. मी तेव्हा ठरवलं की माझ्या हयातीत गावात परत पेटी येऊ द्यायची नाही. वीस वर्षं ते पाळलं. लोक म्हणतात जयराजबापूला सत्ता पाहिजे. मला यातलं काय मिळालं ते गाव बघतंय.

बनुबाईचा फॉर्म आहे आणि आक्कांचा आहे. सातला माघारीचा शेवटचा दिवस. आक्का माझं ऐकत नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना ऐकूच येत नाही आणि त्याचा त्या फायदा घेतात. तू जगाची भांडणं मिटवतोस, घरचं एवढं मिटव. तुझा शब्द त्या मोडणार नाहीत.

वहिनींना नमस्कार. जुन्या दोस्तीला जागावं ही विनंती.
तुझा,
जयराज


छावणी
४ डिसेंबर २०२२

ती. आक्कास,
सविनय जयभीम.

जयराजचं पत्र आलं. रागावू नकोस, त्यानं मनापासून लिहिलंय. मी शांतपणे विचार केला आणि एक तोडगा काढला. पहिली अडीच वर्षं बनुबाई, मग तिनं राजीनामा द्यायचा आणि तू उभी राहायचं, तीही बिनविरोध. अडीच-अडीचची रीत आपल्याकडे जुनी आहे, कुणाला अवघड वाटणार नाही. दोन्ही पक्षांचा मान राहील आणि गावाची शांतताही. जयराजला मी हे कळवलं, त्याला लगेच पटलं. तुझी संमती आली की झालं.

माझ्या पदरी आणखी एक समझोता पडेल, म्हणजे मी इथून फुशारकी मारायला मोकळा! कळव लवकर.

लोभ आहेच, तो असाच पुढे चालू दे.
तुझा,
नागसेन


मु. जांभूळओढा
५ डिसेंबर २०२२

नागसेन,
जयभीम.

आज आशीर्वाद हात आखडून देते आहे.

काल संध्याकाळी जयराजनं देवळात तुझा निरोप मोबाईलवरून वाचून दाखवला. मी पायरीवर होते. वरच्या आळीतली धोंडुबाई आतून आली, हातवारे करून म्हणाली की आक्का, ठरलं, तुमच्या भावानंच ठरवलं. मला समजेना काय ठरलं. घरी येऊन तुझं पत्र उघडलं तेव्हा कळलं. गावाला आधी, मला मागून. आणि दोन्ही पक्ष काय रे? मी तुझी बहीण आहे, तुझ्या अंगावरचे लंगोट मी धुतलेत. मी पक्ष कधीपासून झाले?

अडीच वर्षांनी आजवर कोणी राजीनामा दिलाय का, ते मी विचारत नाही. तू दुसरंच काही विचारायला हवं होतंस. आक्का, तुला हे कशासाठी पाहिजे, एवढं विचारलं असतंस तर पुरे होतं. विचारलं नाहीस म्हणून सांगते.

आई गेली तेव्हा तू तिकडे होतास, विमान मिळालं नाही. सगळं नीट झालं असं मी तुला कळवलं. नीट झालं नव्हतं. श्रावण होता, ओढ्याला पाणी छातीभर. वरच्या गावाचं स्मशान अलीकडे, त्याला शेड आहे, फरशी आहे. आपलं पलीकडे. दोर धरून तिरडी न्यावी लागली. मधेच एकाचा पाय घसरला, तिरडी कलली आणि आईचा उजवा पाय पाण्यात गेला. काठावर गेल्यावर मी तो पदरानं पुसला. आयुष्यभर इतकी पेशंट पुसली, पण असं ओढ्याचं पाणी कुणाच्या अंगावरचं पुसलं नव्हतं.

पुढच्या खांद्याला कोण होतं माहीत आहे? जयराज. कुणी बोलावलं नसताना पाण्यात उतरला होता. तो वाईट नाही, हे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण ओढ्यावर साकव, नुसता चालण्यापुरता पूल, बांधा म्हटलं की तोच म्हणतो आक्का, वाद नको, पुढच्या वर्षी बघू. कारण साकवाची वाट त्याच्या भावकीच्या बांधावरून जाते आणि भावकीतला एक जण नको म्हणतो. बिनविरोध म्हणजे सगळ्यांचं एकमत ना? मग एक जण नको म्हणाला की सगळ्यांचं नको. अशी दरसाल पुढच्या वर्षावर गेली वाट. आणि आम्हीही गप्प, कारण गावात शांतता आहे.

सरपंच कोण होतंय याचं मला एवढं नाही. पण साकव पाहिजे असणारी या गावात किती माणसं आहेत ते मला एकदा बघायचंय. आपलीच तेवढी, की आणखी कोणी आहे?

परवा माघार. वाड्यातले निम्मे लोक सहा तारखेच्या अभिवादनासाठी मुंबईला निघालेत, मी एकटी आहे. तू काय ते लिही, पण या वेळेला मला लिही.
बाळाबाई


छावणी
६ डिसेंबर २०२२

आक्का,

चुकलं माझं. दुसरा शब्द नाही.

सकाळी मेणबत्ती लावली आणि आईचा फोटो शेजारी ठेवला. तिचा पाय डोळ्यांपुढून जात नाही. तू एवढी वर्षं हे एकटीनं सांभाळलंस आणि मला नीट झालं म्हणालीस, यावर भांडायला मी येणार आहे, तयार राहा.

जयराजला लिहिलं की माझा निरोप मागे घेतो. मी मध्यस्थ नाही, आक्काचा भाऊ आहे. तुझं पाऊल तू ठरव. कुठलंही पडलं तरी मी तुझ्या मागे आहे.

आणि एक गोष्ट मला बोचते आहे. वरचा आणि खालचा कशावरून भांडतात हे मी तीन महिने त्यांनाच विचारलं. उद्या त्या विहिरीवर जाऊन बायकांना विचारणार आहे. दुभाषी बाई आधीच हसते आहे, म्हणते साहेबांना एवढ्या दिवसांनी विहीर दिसली.

तुझा,
नागसेन


मु. जांभूळओढा
१३ डिसेंबर २०२२

चि. नागसेन यास,
आक्काचा सप्रेम जयभीम, आणि आता मोकळ्या हातानं आशीर्वाद.

सातची हकीकत ऐक. जयराज सकाळीच गाडी घेऊन दारात. म्हणाला आक्का, चला पाटणला, सोडतो. मीही बसले. वाटेत तो बोलत होता, मी खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर बघत होते. यंत्र डबीत होतं हे त्याला उशिरा कळलं. तहसीलदार कचेरीत खिडकीपाशी त्यानं माघारीचा कागद पुढे केला. मी तो वाचला, घडी घालून त्याच्याच खिशात ठेवला आणि समोरच्या बाकावर बसून राहिले. तीन वाजले, खिडकी बंद झाली. मला वाटलं हा आता मला तिथंच सोडून जाईल. तर त्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला की आवं आक्का, चला, उशीर हुतोय. येताना उसाचा रस पाजला. माणसाचं मला नवल वाटतं.

निवडणूक चिन्ह मिळालं शिट्टी. बहिरीला शिट्टी! बनुबाईला कपबशी. गावात तरणी पोरं अशी आहेत की ज्यांनी आमदाराला, खासदाराला मत दिलं पण स्वतःच्या सरपंचाला दिलं नाही. ती येऊन विचारतात आक्का, बटण कसं असतं. प्रचार असा काही नाही. वरच्या आळीत घरोघर जाते, बायका आत बोलावतात, चहा देतात. चहा दिला म्हणजे मत देणार का ते तोंडावरून कळत नाही. तोंडं वाचायची सवय झाली होती मला, पण ही वाचता येत नाहीत. कुणाच्या मनात काय आहे याची एवढी मजा मला आजवर कधी वाटली नव्हती.

धास्तीही आहे. पंचायतीपुढे फौजदार येऊन गेला. दोन हजार दोनची आठवण सगळ्यांनाच आहे. जयराजच्या थोरल्याचा वाकडा हात मला रोज दिसतो आणि वाटतं, माझ्या हौसेपायी पुन्हा कुणाचं डोकं फुटलं तर? तू एवढ्या निवडणुका बघितल्यास. भांडण नक्की केव्हा पेटतं रे? ते मला आधी कळायला पाहिजे.

विहिरीवरच्या बायका काय म्हणाल्या ते लिहिलं नाहीस. ओढ लागून राहिलीय.
तुझी,
आक्का


छावणी
१६ डिसेंबर २०२२

ती. आक्कास,
सविनय जयभीम.

माघारीचा कागद त्याच्याच खिशात! दुभाषी बाईला सांगितलं तर तिनं ते सगळ्या मेसला सांगितलं. नेपाळी डॉक्टर तुझा फोटो मागतोय.

विहिरीवरच्या बायकांना विचारलं. मग एक म्हातारी म्हणाली की पदं कुणाला मिळाली ते आम्हाला माहीत आहे, पण नदीवरचा बाजार परत कधी भरणार ते कुणी सांगत नाही. बाजार दोन्ही सरदारांनी बंद पाडलाय. त्यावर दोघांचं एकमत आहे, कारण लोकांना आता लांबच्या बाजाराला जावं लागतं आणि वाटेवरच्या नाक्यांचा पैसा दोघांना मिळतो. मी तीन महिन्यांत जो समझोता घडवला त्यात बाजार हा शब्दच नाही. मी खोलीवर येऊन मसुदा परत वाचला आणि मला तुझी देवळाची पायरी आठवली.

काल शिफारस बदलली. मतदान व्हावं असं लिहिलं. प्रमुख बाई खूश नाहीत. त्यांनी विचारलं की गोळी वाजली तर जबाबदार कोण. प्रश्न रास्त आहे. शिपाई वाढवून मागितलेत, बघू.

आता तुझा प्रश्न. मी सात देशांतल्या निवडणुका बघितल्या. मतदानाच्या दिवशी फारसं काही होत नाही, सगळे आपापल्या रांगेत असतात. पेटतं ते निकालानंतर, पहिल्या संध्याकाळी. गुलाल हरलेल्याच्या दारावरून जातो, कुणी एक शब्द टाकतो आणि झालं. त्या संध्याकाळी सगळं हरलेल्याच्या हातात असतं. तो घरात दार लावून बसला की त्याची माणसं बाहेर कुजबुजू लागतात. तो स्वतः उठून जिंकलेल्याच्या घरी गेला, तर मिरवणूकच त्याच्यासाठी वाट करून देते. मी मोठमोठे पुढारी बघितले, भाषणं ऐकली. पण ज्यांना मी मनातून पुढारी मानतो ते दोघं-तिघं सगळे हरलेले आहेत आणि त्या संध्याकाळी उठून चालत गेलेले.

तेव्हा जिंकलीस तर गुलाल बनुबाईच्या दारावरून नेऊ नकोस. आणि हरलीस तर साखरेची पुडी घेऊन पहिली तू जा. एवढं एक माझं ऐक, बाकी तू माझं कधी ऐकलंस?

अठराला दिवसभर मी घड्याळ बघत असेन. तुझी माया राहो.
तुझा,
नागसेन


मु. जांभूळओढा
२१ डिसेंबर २०२२

चि. नागसेन यास,
आक्काचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

हरले.

पण थांब, पुढचं वाच. बनुबाईला तीनशे अठरा, मला दोनशे एक्केचाळीस. आपल्या वाड्यात मतं ऐंशी-नव्वद, त्यातली निम्मी बनुबाईची, ती तिच्या भावकीची आहेत. मग माझी ही बाकीची कुठली? वरच्या आळीची. कुणाची ते कुणाला ठाऊक नाही. जयराजला नाही, मला नाही. सकाळपासून गावात जो तो एकमेकाकडे चोरून बघतोय. पिठाच्या गिरणीत एक बाई माझ्याकडे बघून नुसती हसली. तिनं दिलं की काय? मला तर घरात बसवत नाही एवढं कुतूहल झालंय.

मतदानाच्या दिवशी रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती. धोंडुबाई हिरवी पैठणी नेसून आली, लग्नाला जावं तशी. म्हणाली आवं, वीस वर्सांनी पेटी आलीया, नेसायची न्हाई व्हय?

निकाल लागला, गुलाल उधळला. मी तुझं ऐकलं. साखर बांधून घेतली आणि मिरवणुकीच्या उलट्या बाजूनं चालत गेले. ढोल वाजत होते म्हणे, मला छातीत धडधडल्यासारखं लागत होतं, ते ढोलाचं की माझंच कोण जाणे. पोरांनी मला बघितलं आणि वाजवायचं थांबवलं. जयराजनं दोन्ही हात आडवे करून वाट केली. त्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कुणाचं डोकं फुटलं नाही.

बनुबाई चुलीपुढे बसून रडत होती. मी तिच्या तोंडात साखर घातली. तिनं माझा हात धरून ठेवला आणि तोंड माझ्या डोळ्यांपुढे आणून सावकाश बोलली, मला ओठ वाचता यावेत म्हणून. म्हणाली की आक्का, तू हुबी ऱ्हायली नसतीस तर बापूंनी केल्याली सरपंच झाले असते. सही कुठं करायची एवढंच इचारलं असतं. आता मला तीनशे माणसांनी केलंय. बापूंचं त्यात मत एकच.

मी हरले, नागसेन, पण घरी येताना माझा पाय जमिनीला लागत नव्हता. अशी हार असते हे तू लिहिलं नव्हतंस.

इकडची काळजी करू नकोस.
तुझी,
आक्का


छावणी
४ जानेवारी २०२३

ती. आक्कास,
सविनय जयभीम आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

तुझं पत्र मी प्रमुख बाईंना तोंडी भाषांतर करून ऐकवलं. बनुबाईचं वाक्य त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या की वरच्या आणि खालच्याला हे कळलं तर तेच मतदान मागतील, कारण आज दोघंही आपापल्या बंदूकवाल्यांच्या हातातली बाहुली आहेत. मार्चमध्ये मतदान घ्यायचं ठरलं आहे. भीती संपली असं नाही. परवा नदीकाठी दगडफेक झाली, आमचा एक शिपाई जखमी आहे. मी रोज त्याला बघून येतो. तो बरा होईल.

बनुबाई साकवाचं काय करते ते बघायचं आहे. भावकीतला तो एक जण अजून आहेच ना? जयराज काय म्हणतो? सगळं तपशिलात लिही, कंटाळा करू नकोस.

तुझ्या पत्रांवर माझे इथले दिवस जातात, हे ध्यानात ठेव.
तुझा,
नागसेन


मु. जांभूळओढा
२७ जानेवारी २०२३

चि. नागसेन यास,
आक्काचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझा शिपाई बरा होत असेल. त्याला म्हणावं, एका म्हाताऱ्या सिस्टरनं विचारलंय, जखम कोरडी ठेव.

काल सव्वीस जानेवारीची ग्रामसभा झाली. बनुबाईनं पहिली गोष्ट काय केली असेल तर सभा देवळातून काढून शाळेच्या पटांगणात आणली. तिथं पायरीच नाही, त्यामुळे सगळे एकाच सतरंजीवर. मी पुढे बसले. तिनं साकवाचा विषय काढला. भावकीतला तो उठला, हात नाचवून बराच बोलला. जयराज उठला. काय म्हणाला ते मला मागून कळलं, की वाद नको, एकमतानं ठरवू, पुढच्या सभेला घेऊ. मला नुसती माना हलताना दिसत होत्या आणि वाटलं, गेलं परत पुढच्या वर्षावर.

बनुबाई खाली बसली नाही. उभ्या उभ्या पदर नीट करत होती, मी बघत होते. मग ती काहीतरी बोलली आणि स्वतःचा हात वर केला. धोंडुबाईनं माझ्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं की सरपंच म्हणतीया, ज्यास्नी साकव पायजे त्यांनी हात वर करा.

आधी आपले हात. मग गिरणीतली ती बाई. मग वरच्या आळीतल्या बायका, एकीचा बघून दुसरीचा. तरणी पोरं तर सगळी. जयराजचा हात अर्ध्यापर्यंत गेला, भावकीकडे बघून थांबला. त्याचा तो थोरला शेजारीच बसला होता. त्यानं आपला वाकडा हात, जेवढा जातो तेवढा, वर केला. मग जयराजचा पुरा गेला.

इतकी वर्षं मला सांगायचे की ठरलं, आणि मी मानायचे. ठरताना कधी ऐकू आलं नाही मला, कान चांगले होते तेव्हाही नाही. काल ऐकायची गरजच पडली नाही. हात दिसतात रे.

काम उन्हाळ्यात सुरू होईल म्हणतात. तुझं मार्चचं नीट पार पाड आणि पाऊस लागायच्या आत ये. लोभ वगैरे तेव्हा समोरासमोर बघू. आपण दोघं साकवावरून पलीकडे जाऊ, आईकडे, कोरड्या पायांनी.

तुझी,
बाळाबाई आक्का